माघार कशाला म्हणावे?



चळवळीच्या शब्दसंग्रहात 'माघार' या शब्दाइतका बदनाम शब्द दुसरा नसेल. घोषणांमधून माघार नेहमी प्रतिपक्षाचीच असते. स्वपक्षावर ती वेळ आली की तिला 'स्थगिती', 'आंदोलनाचा पुढचा टप्पा' किंवा 'बदललेला पवित्रा' अशी नावे मिळतात. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही. कोणत्याही दीर्घ चळवळीचा जमाखर्च मांडला, तर तिच्या खात्यावर चढायांइतक्याच माघारीही नोंदलेल्या दिसतात. चढाईचे श्रेय घ्यायला अनेक जण पुढे येतात, माघारीची नोंद करायला मात्र कोणी तयार नसतो. नोंद न झाल्यामुळे तिचा अभ्यास होत नाही, आणि अभ्यास न झाल्यामुळे तीच चूक पुढच्या पिढीच्या वाट्याला येते.

वास्तविक मराठी भाषेने या बाबतीत कार्यकर्त्यांपेक्षा अधिक विवेक दाखवला आहे. 'पळ काढणे' म्हणजे भीतीपोटी जागा सोडणे. 'काढता पाय घेणे' यात भीतीपेक्षा धूर्तपणा अधिक असतो, कारण जबाबदारी अंगावर येण्यापूर्वी तो माणूस निसटतो. 'अंग काढून घेणे' हे भागीदारीतले पाप आहे, कारण तेथे मागे राहणारा अडचणीत सापडतो. 'नमते घेणे' किंवा 'पडते घेणे' यात संबंध टिकावेत म्हणून आग्रह सोडला जातो, आणि त्यात लाज नाही. 'तह' म्हणजे काय दिले आणि काय राखले हे लिहून ठेवणे. 'शरण जाणे' म्हणजे पुढचे निर्णय घेण्याचा अधिकारच दुसऱ्याच्या हाती सोपवणे. 'मागे घेणे' ही क्रिया तर ज्याने काही पुढे केले आहे त्यालाच करता येते: संपाची नोटीस, खटला, उमेदवारीचा अर्ज, कायदा. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हिणवणे किंवा एकाच नावाखाली झाकणे, हा वैचारिक आळस होय.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मोट हाकली. बैल धावेवरून पुढे जातात तेव्हा पाणी वर येते, आणि ते मागे सरतात तेव्हा रिकामी मोट विहिरीत उतरते. मागे सरल्यावाचून मोट भरत नाही. परंतु या मागे सरण्याला अर्थ आहे तो नाडा बैलांच्या जुवाशी बांधलेला असतो म्हणून. नाडा तुटल्यावर बैल मागे गेले काय आणि पुढे गेले काय, पाण्याशी त्यांचा संबंध उरत नाही.

चळवळीच्या माघारीची परीक्षाही याच रीतीने करता येईल. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, निर्णय कोणी घेतला आणि तो उघडपणे सांगितला काय? दुसरा, काय सोडले आणि काय राखले? तिसरा, ज्यांना मागे जाण्यासाठी जागाच नव्हती, त्यांचे काय झाले? माघार यशस्वी की अयशस्वी, शूर की भ्याड, ही विशेषणे या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच लावावीत.

महाराष्ट्रात माघारीचा विषय निघाला की 1665 च्या पुरंदरच्या तहाचा दाखला दिला जातो. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. सातारचा किल्लाही 1700 च्या एप्रिलमध्ये, साडेचार महिन्यांच्या वेढ्यानंतर, औरंगजेबाच्या हाती गेला. पण किल्ला गेला म्हणून राज्य गेले नाही. आठ वर्षांच्या आत, 1708 च्या जानेवारीत, त्याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. हे दाखले स्फूर्तिदायक असले तरी त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. राजा तह करतो तेव्हा निर्णय त्याचा असतो आणि सैन्य आज्ञेने मागे फिरते. लोकांच्या चळवळीत सैनिक आणि प्रजा वेगळी नसते. किल्ला सोडून शिबंदीला बाहेर पडता येते, गाव सोडून शेतकऱ्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून लोकचळवळीत तिसरा प्रश्न सर्वांत जड ठरतो.

त्याची साक्ष 1922 साली मिळाली. फेब्रुवारीच्या आरंभी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि त्यात पोलीस मारले गेले. गांधीजींनी सामुदायिक सत्याग्रह थांबवला आणि बार्डोलीच्या बैठकीत कार्यकारिणीने त्या निर्णयाला मान्यता दिली. तुरुंगातील अनेक नेते संतापले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे निम्मे समाधानकारक आहे. निर्णय मूठभरांनी घेतला हे खरे, परंतु तो लपवला नाही. गांधीजींनी त्याची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली. दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. कायदेभंग थांबवताना सूत, शिक्षण, अस्पृश्यतानिवारण असा विधायक कार्यक्रम कार्यकर्त्यांच्या हाती दिला गेला. नाडा तुटू दिला नाही. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र हिशेब अपुरा पडतो. चौरीचौराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने 172 जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयात तो आकडा 19 वर आला, आणि त्या एकोणीस जणांना 1923 मध्ये फाशी देण्यात आले. ते बहुतांशी गरीब खेडूत होते. अहिंसेच्या तत्त्वासाठी माघार आवश्यक होती असे मानणाऱ्यानेही हे विसरता कामा नये की, माघारीची किंमत ठरवणारे आणि ती चुकती करणारे एकच नसतात.

हेच तीन प्रश्न घेऊन सातारा जिल्ह्याकडे वळले, तर चित्र अधिक बोलके होते. 1942 चा सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे. 1949 साली त्याचे उत्तर व दक्षिण असे भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. 'चले जाव'चा ठराव झाल्यावर ऑगस्टच्या अखेरीपासून कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर हजारोंचे मोर्चे गेले. हे मोर्चे उघडे आणि निःशस्त्र होते. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबारात पंड्या आणि बारपटे यांचे प्राण गेले.

यानंतर मोर्चे थांबले. सरकारी दप्तरात याची नोंद 'शांतता प्रस्थापित झाली' अशीच झाली असणार. रस्त्यावरून चळवळ मागे सरली, यात शंका नाही. पण ती सरली कोठे? ती गावात सरली. कार्यकर्ते भूमिगत झाले याचा अर्थ ते जमिनीखाली गेले असा नव्हे. ते शेतातल्या खोपीत, उसाच्या फडात, डोंगरकपारीतल्या वस्तीवर आणि शेतकऱ्याच्या चुलीपाशी गेले. कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. ब्रिटिश मुलूख आणि संस्थाने यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने पोलिसांना चकवणे सोपे जाई. ज्या कार्यकर्त्याला मोर्चात घोषणा देणारा जमाव माहीत होता, त्याला आता भाकरी देणारे घर माहीत झाले. भाकरी देणाऱ्या घराने प्रश्न विचारायला सुरुवात केली. दरोडेखोरांचे काय? सावकाराचे काय? गावगुंडाने बाईवर हात टाकला, तर दाद कोठे मागायची?

या प्रश्नांतून 1943 च्या सुमारास प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे सर्वमान्य नेते झाले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशा तरुणांनी भागाभागांतून काम उभे केले. न्यायदान मंडळांनी तंटे मिटवले, दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, दारूबंदीचा प्रयत्न झाला, कमी खर्चाचे विवाह लागले. तुफान सेना उभी राहिली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा ताब्यात घेण्यात आला. या कारभाराला काळी बाजूही होती. शिक्षा कठोर होत्या, 'पत्री' हे नावच तळपाय सुजवणाऱ्या मारावरून रूढ झाले, आणि जेथे अपील नाही तेथे अन्याय होण्याचा धोका असतोच. ही बाजू झाकून गौरव करणे म्हणजे त्या लढ्याचा अभ्यास टाळणे होय. तरीही मुख्य गोष्ट राहतेच: कचेरीच्या दारातून मागे सरलेली चळवळ कचेरीचे काम स्वतः करू लागली.

1944 च्या मे महिन्यात गांधीजी सुटले आणि जुलैअखेर त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. गुप्तता हीच मुळात सत्याग्रहाशी विसंगत आहे, अशी त्यांची भूमिका होती. देशात अनेकांनी तो सल्ला मानला. सातारच्या प्रमुख भूमिगतांनी मात्र काम चालू ठेवले. याला गांधीद्रोह म्हणण्याची घाई अनेकांनी केली. वस्तुतः प्रश्न निष्ठेचा नव्हता. वाराणसी किंवा मुंबईत एखादा नेता उघड झाला, तर तो एकटा तुरुंगात जातो. साताऱ्यात कार्यकर्ता उघड झाला असता, तर त्याला आश्रय देणारी वस्ती, त्याच्या न्यायमंडळापुढे साक्ष देणारी बाई, सावकाराविरुद्ध तक्रार करणारा कूळ, हे सारे पोलिसांच्या आणि दुखावलेल्या गावगुंडांच्या तावडीत सापडले असते. त्यांना मागे जायला जागा नव्हती, म्हणून पुढाऱ्यांनीही माघार घेतली नाही. तिसऱ्या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

परंतु त्याच प्रतिसरकारची अखेर दुसऱ्या प्रश्नाबाबत असमाधान ठेवून जाते. 1946 साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली आणि भूमिगत उघड्यावर आले. स्वकीयांचे सरकार आल्यावर समांतर सरकार आवरणे योग्यच होते. प्रश्न असा की, आवरताना काय राखले? कार्यकर्त्यांची सुटका राखली गेली. गावाने स्वतः तंटा ऐकावा आणि स्वतः निवाडा द्यावा ही सवय मात्र कोणाच्याही ताब्यात दिली गेली नाही. ती तलाठ्याकडे, फौजदाराकडे आणि वकिलाकडे परत गेली. नेत्यांच्या वाटा फुटल्या. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील काँग्रेसमधून सत्तेच्या शिखरापर्यंत पोहोचले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि 1957 साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. अच्युतराव पटवर्धनांनी तर स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच राजकारण सोडले. या वाटांपैकी बरोबर कोणती, हा येथे मुद्दा नाही. निघण्यापूर्वी या सर्वांनी एकत्र बसून 'गावाच्या हाती काय ठेवायचे' याचा तह नव्या राज्यसंस्थेशी केला नाही, हा मुद्दा आहे. पुढे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्या वरून खाली आल्या. खालून वर आलेले जे काही होते, ते तोवर आठवणीत जमा झाले होते.

आता याच दोन जिल्ह्यांशी जोडलेली दुसरी माघार पाहावी, जिला कोणी माघार म्हटलेच नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कोकणाप्रमाणेच सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणीत जात होती. खटाव, माण, खानापूर, आटपाडी येथील कित्येक घरांचा वार्षिक हिशेब पाऊस आणि मनिऑर्डर या दोनच जमेच्या बाजूंवर उभा होता. संप लांबला तसे कामगार गावी परतले. सुरुवातीला हे परतणे शहाणपणाचेच होते. गावची भाकरी हाच त्या संपाचा खरा संपनिधी होता आणि तिच्या बळावरच तो इतके दिवस टिकला.

पण तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. हा पराक्रम म्हणून सांगितला जातो. अर्थशास्त्राच्या आणि माणुसकीच्या दृष्टीने पाहिले तर ती मोठी उणीव आहे. संघटना माघार घेते तेव्हा ती अटी मागू शकते: किती जणांना परत घेणार, देणी केव्हा देणार, खटल्यांचे काय करणार. संघटनेने माघार जाहीर करण्याचे नाकारले की माघार टळत नाही, ती फक्त सुटी सुटी होते. प्रत्येक कामगार एकटा गिरणीच्या फाटकाशी गेला, मालक देईल त्या अटीवर आत गेला किंवा बाहेरच राहिला. हजारोंची नोकरी गेली. गिरण्यांच्या जमिनीचे मोल पुढे वाढत गेले, कामगाराच्या श्रमाचे मोल फाटकाबाहेर शून्यावर आले. अडीच लाखांच्या एका चढाईचे रूपांतर अडीच लाख स्वतंत्र माघारींमध्ये झाले, आणि त्यांतील एकीचीही नोंद कोठे झाली नाही. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'निर्णय कोणीच घेतला नाही' असे आले, की पुढच्या दोन प्रश्नांना उत्तर देणारा कोणी शिल्लक राहत नाही.

याच परतलेल्या माणसांतून खानापूर तालुक्यात जे उभे राहिले, ते मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. गावी आलेले संपकरी रोजगार हमीच्या कामांवर गेले. त्यांच्याकडे संघटनेचा अनुभव होता, आणि दुष्काळ म्हणजे केवळ पावसाचा रुसवा नव्हे हे ते विचारू लागले होते. मुक्ती संघर्ष चळवळ यातून वाढली. भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. येरळा नदीच्या वाळूचा कंत्राटदार उपसा करतात आणि नदी कोरडी पडते, हे लोकांनी हेरले. गावाने नदीवर हक्क सांगितला, काही वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि ऐंशीच्या दशकात बलवडी व तांदूळवाडी या गावांनी बळीराजा धरण बांधले. धरण लहान, पण त्यामागचा विचार लहान नव्हता. जमीन किती आहे हे न पाहता पाण्याचा वाटा कुटुंबाला मिळावा, भूमिहीनालाही मिळावा, आणि ते पाणी उसासारख्या पिकाने गिळू नये, असे ठरवण्यात आले. ज्या जिल्ह्यात पाणी म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे सत्ता, त्या जिल्ह्यात हे ठरवणे सोपे नव्हते.

या उदाहरणाने गिरणी संपाचा हिशेब जुळतो असे मानू नये. दोन गावांच्या धरणाने लाखांच्या देशोधडीची भरपाई होत नाही. परंतु एक गोष्ट यातून सिद्ध होते. 1942 च्या सप्टेंबरनंतर जे घडले, त्याच जातीचे काही तरी चाळीस वर्षांनी त्याच मातीत पुन्हा घडले. मागे आलेला माणूस ज्या ठिकाणी आला, तेथील लोकांच्या प्रश्नाशी स्वतःला बांधून घेतो तेव्हा त्याचे मागे येणे हे परतणे ठरते. बांधून घेत नाही तेव्हा ते केवळ हरणे ठरते.

राज्यसंस्थाही माघार घेते, आणि ती कशी घेते हे कार्यकर्त्यांनी बारकाईने वाचले पाहिजे. 19 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी तीन शेती कायदे मागे घेण्याची घोषणा केली. कायदे चांगले होते, काही शेतकऱ्यांना ते पटवता आले नाहीत, असा त्या घोषणेचा सूर होता. म्हणजे कायदा मागे घेतला, युक्तिवाद मागे घेतला नाही. शेतकऱ्यांनी हा भेद बरोबर ओळखला. घोषणा झाली त्या दिवशी ते उठले नाहीत. संसदेत 29 नोव्हेंबरला कायदे रद्द झाले तरी उठले नाहीत. हमीभावाची समिती, आंदोलकांवरील खटले, मृतांच्या कुटुंबांना भरपाई यांविषयी सरकारचे लेखी पत्र आल्यावर 9 डिसेंबरला त्यांनी आंदोलन 'स्थगित' केले आणि 11 डिसेंबरपासून ते एकत्र घरी निघाले. दिलेल्या आश्वासनांच्या पूर्तीबद्दल पुढे तक्रारी झाल्या, हे खरे. तरीही वर्षभर रस्त्यावर बसलेला शेतकरी दिल्लीच्या सीमेवरून परतला तो सामुदायिक निर्णयाने, लेखी अटींवर आणि मृतांचा व खटल्यांचा उल्लेख करून. तिन्ही प्रश्नांना त्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. गिरणी कामगाराला हे भाग्य लाभले नाही.

शेवटी एका खाजगी वाटणाऱ्या माघारीविषयी बोलले पाहिजे. सातारा असो की सांगली, प्रत्येक तालुक्यात असे कार्यकर्ते आहेत की जे एके काळी सभांना पहिले येत आणि आज घरी बसले आहेत. कोणाला प्रकृतीने, कोणाला कर्जाने, कोणाला पक्षातील फाटाफुटीने मागे ओढले. त्यांना पळपुटे म्हणणे सोपे आहे, आणि तितकेच चूक आहे. जयप्रकाशांनी 1954 साली सत्तेच्या राजकारणातून अंग काढून सर्वोदयाला जीवनदान केले, तेव्हा समाजवादी सहकारी हळहळले होते. वीस वर्षांनी, 1974 साली, बिहारचे तरुण त्यांच्या दारी गेले तेव्हा तेच जयप्रकाश पुन्हा रस्त्यावर दिसले. मधल्या वीस वर्षांत ते लोकांपासून दूर गेले नव्हते, म्हणून हे घडू शकले. घरी बसलेल्या कार्यकर्त्याकडे पाहताना एवढेच विचारावे: त्याच्या दारी अजून कोणी अडलेला माणूस येतो काय? येत असेल, तर त्याने पक्षाची बैठक सोडली असेल, चळवळ सोडलेली नाही. उलट बैठकीला नियमाने येणाऱ्याच्या दारी कोणीच येत नसेल, तर खरी माघार त्याने कधीच घेतलेली आहे, ती फक्त इतिवृत्तात आलेली नाही.

यातून काही साधे नियम निघतात. लढा सुरू करण्याच्या सभेतच तो कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या मताने थांबवायचा हे ठरवून ठेवावे. त्याने उत्साहाला बाधा येते हा समज खोटा आहे, उलट लोकांचा विश्वास वाढतो. थांबवण्याचा निर्णय ज्यांनी लढा दिला त्यांच्या सभेत, मोकळेपणाने घ्यावा. काय मिळाले, काय गेले आणि काय राखले हे त्याच दिवशी लिहून काढावे. खटले कोणावर आहेत, नोकरी कोणाची गेली, कोणाच्या घरी कर्ता माणूस उरला नाही, याची यादी नेत्याच्या सुटकेच्या मागणीआधी वाचावी. आणि मागे जायचे ते कोणत्या कामाकडे, हे ठरल्याशिवाय मागे जाऊ नये.

सातारच्या भूमिगतांनी चार वर्षे हे बहुतांशी पाळले, त्यांना त्याचा सिद्धान्त मांडायला सवड मिळाली नाही. मुंबईच्या कामगारांच्या नेतृत्वाने ते पाळले नाही, आणि त्याची किंमत खटाव-खानापूरच्या घरांनी मोजली. पुढचा लढा केव्हा आणि कशासाठी उभा राहील, हे आज सांगता येत नाही. त्यात कधी तरी मागे यावे लागेल, एवढे मात्र नक्की. त्या दिवशी शब्द शोधत बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून ही चर्चा आजच, लढा नसताना, शाखाशाखांतून झाली पाहिजे.